तुमच्या मॉडेलिंगची एफआरपी किती?

आजचा विषय पैशाचा. कॅड मॉडेलिंग, थ्रीडी डिझाइनची फ्रीलान्स कामं घेताना दर किती सांगायचा?

आपल्या भागात हे काम आहे बरं का. किर्लोस्करवाडीला १९१० पासून कारखाना आहे, कुपवाड-मिरजेला फाउंड्र्या आहेत, सातारा एमआयडीसीत मशीन शॉप आहेत. बऱ्याचदा जुन्या पार्टचं ड्रॉइंगच नसतं. मालक पार्ट हातात देतात, "याचं मॉडेल करून द्या" म्हणतात. पुढचं वाक्य ठरलेलं: "दोन तासांचं तर काम, पाचशे घ्या की!"

आता उसाचं बघा. एफआरपी केंद्र सरकार ठरवतं, कारखान्याला त्याखाली दर देता येत नाही. उतारा चांगला असला की दर वाढतो. आणि ऊस गेल्यावर १४ दिवसांत पैसे द्यायचे, असा नियम आहे. आपल्या कामाला अशी एफआरपी कोण ठरवून देणार नाही. आपली आपणच काढायची.

कशी? समजा, घरखर्च ३०,००० रुपये. सॉफ्टवेअरचं लायसन्स, लॅपटॉपची झीज, वीज, नेट मिळून १०,०००. झाले ४०,०००. महिन्याचे २५ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०० तास. पण कोटेशन, फोन, वसुली, नवीन शिकणं यात निम्मा वेळ जातो. बिल लावता येतं ते १०० तासांचंच. म्हणजे तासाला ४०० रुपये. आजारपण, सुट्ट्या, कर यासाठी १०० वाढवा. ५०० ही तुमची एफआरपी. तुमचे आकडे वेगळे असतील, पण रीत हीच.

आता पंपाची केसिंग घ्या. मापं घ्यायला ३ तास, मॉडेलला ८, ड्रॉइंगला २, एका दुरुस्तीला २. एकूण १५ तास, ७,५०० रुपये. कुठं पाचशे आणि कुठं साडेसात हजार!

आणि हा झाला तळ. त्यावर येतो उतारा, म्हणजे जबाबदारी. बिडाचं कास्टिंग थंड होताना साधारण १ टक्का आटतं. ३०० मिलिमीटरला ३ मिलिमीटर. म्हणून पॅटर्न मोठा करावा लागतो, वर मशीनिंगसाठी जादा माल, आणि साच्यातनं निघावा म्हणून उतार. हे सगळं कुणी धरायचं, तेच ठरलं नसेल तर पॅटर्न चुकतो आणि कास्टिंगची आख्खी बॅच भंगारात जाते. मग मालक तुमच्याकडंच बघणार. म्हणून कोटेशनमध्ये लिहा: मॉडेल तयार पार्टचं की पॅटर्नचं? पॅटर्नचं असेल तर दर जास्त.

अजून तीन गोष्टी लिहाच. एक, ४० टक्के ॲडव्हान्स. दोन, दुरुस्ती एकच. मालकानं डिझाइनच बदललं तर ते नवीन काम. तीन, स्टेप फाइल आणि पीडीएफ ड्रॉइंग दरात धरलंय, पण मूळ एडिट होणारी फाइल हवी असेल तर पैसे वेगळे.

मालक म्हणाले, "जास्त होतंय," तर दर पाडू नका, काम कमी करा. "मालक, ड्रॉइंग सोडून नुसतं मॉडेल देतो, हजार कमी होतील." यात दोघांचाही मान राहतो. पाचशेला एकदा काम दिलंत की तोच दर तुमच्या नावाला चिकटतो, आणि शेजारच्या पोराचाही दर पडतो. मग सगळ्यांनी बॅग भरायची आणि पुण्याची गाडी धरायची, असं होतं.

आणि वसुली? 'उद्यम' पोर्टलवर नोंदणी करा, फुकट आहे. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानं खरेदीदाराला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. बिलावर उद्यम नंबर टाका, भांडायची वेळ सहसा येत नाही.

तर आज रात्री कागद घ्या, आपला आकडा काढा. पुढचा फोन उचलायच्या आधी तो पाठ असू द्या. भेटू पुढच्या भागात!