मालगाडीची वाट

आपली एक्स्प्रेस स्टेशनातून भरधाव निघून जाते, तेव्हा शेजारच्या लूप लाइनवर सिग्नलची वाट पाहत मालगाडी उभी असते. रेल्वेचा संसार चालतो तो मुख्यतः तिच्याच कमाईवर. प्रवासी तिकिटांतली तूटही तीच भरून काढते.

1950-51 साली आपल्या रेल्वेने भाड्याचा माल वाहिला सुमारे 7 कोटी 30 लाख टन. 2023-24 मध्ये तो दीडशे कोटी टनांच्या पुढे गेला. त्यात निम्म्याच्या आसपास एकटा कोळसा.

पूर्वी एकाच गाडीला गावोगावचे डबे जोडलेले असत. दाराला सील, बाजूला लेबलाची चिठ्ठी. मोठ्या यार्डात गाडी फोडायची, डबे दिशेप्रमाणे लावायचे, शंटिंगवाल्याने दोन डब्यांच्या मधे शिरून कपलिंग अडकवायचे, आणि पुढच्या यार्डात पुन्हा तेच. डबा धावायचा कमी, थांबायचा जास्त. 1980 नंतर मात्र पूर्ण रेकवर, म्हणजे एकाच ठिकाणी जाणाऱ्या अख्ख्या गाडीवर, भर आला. एका खाणीवरून 58 वाघिणींचा कोळसा थेट एका वीजकेंद्राला. वाटेत फोडाफोड नाही. वाढीची खरी किल्ली हीच.

पण या सोयीत लहान गिऱ्हाईक बाहेर पडले. दोन डब्यांपुरता माल असलेला व्यापारी ट्रककडे वळला, तो वळलाच. टन वाढत राहिले आणि देशाच्या एकूण मालवाहतुकीतला रेल्वेचा वाटा एक तृतीयांशाच्याही खाली घसरला. मला हे फार लागते.

आता मालगाडीला स्वतःचे वेगळे मार्ग मिळत आहेत. त्यातला पश्चिमेचा दादरीपासून आपल्या न्हावाशेव्यापर्यंत, 1506 किलोमीटर. तिथे विजेची तार सुमारे साडेसात मीटर उंचीवर आहे, म्हणून कंटेनरवर कंटेनर चढवता येतो. 7 जानेवारी 2021 रोजी न्यू अटेली स्थानकाहून अशी दुमजली, दीड किलोमीटर लांबीची गाडी निघाली.

लहान गिऱ्हाइकासाठीही त्याआधी एक वाट निघाली होती. ऑगस्ट 2020 मध्ये देवळालीहून दानापूरला शेतमालाची पहिली किसान रेल धावली. किमान वजनाची अट नव्हती. थोडा माल असलेला शेतकरीही तो चढवू शकत होता. मालगाड्या नव्या मार्गावर गेल्या की जुन्या रुळांवर जागा मोकळी होईल. त्यातली थोडी अशा गाड्यांसाठी नेमाने राखून ठेवावी. आणि तालुक्याच्या मालधक्क्याला पक्का रस्ता व वर छप्पर द्यावे, म्हणजे पावसात डाळिंबाचे खोके भिजणार नाहीत.