संशोधनाचा पैसा कोणाच्या प्रश्नांसाठी?

(लोहा येथील विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘अभियांत्रिकी संशोधन आणि शासनाचा निधी’ हा विषय दिला, तेव्हा मी थोडा संकोचलो. दिल्ली-मुंबईच्या सभागृहात बोलण्याचा हा विषय. लोह्यातल्या माणसांना त्याचे काय, असे मला वाटले. संयोजक म्हणाले, “सर, आमची मुले पॉलिटेक्निकला आहेत, इंजिनिअरिंगला आहेत. नोकरीचे त्यांना सगळेच सांगतात. तुम्ही दुसरे काही सांगा.” म्हणून हे दुसरे काही सांगण्यासाठी मी उभा आहे.

सुरुवात किल्लारीपासून करतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन झाले होते. चारच्या सुमारास जमीन हादरली. आमच्या घरात मांडणीवरची भांडी वाजली आणि आम्ही सारे अंगणात आलो. आमच्याकडे भांडी वाजली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या (आजचा धाराशिव) कित्येक गावांत मात्र घरेच माणसांवर बसली. साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली.

या माणसांचा जीव भूकंपाने घेतला, असे आपण म्हणतो. खरे पाहता तो घेतला त्यांच्याच घरांच्या भिंतींनी. दीड-दोन हात जाडीची दगडी भिंत, मातीचा गिलावा आणि वर माळवदाचे ओझे. अशी भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण तिच्यात दगडांचे दोन पदर असतात आणि मध्ये चिपा व माती भरलेली असते. हादरा बसला की दोन्ही पदर सुटतात आणि माळवद खाली येते. यावर उपाय काय? दर दोन फूट उंचीवर, चार-चार फुटांच्या अंतराने भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब दगड टाकावा आणि दारे-खिडक्यांच्या वरून घराभोवती एक बळकट पट्टा फिरवावा. दोन पदर बांधले जातात, चार भिंती एकमेकींना धरून राहतात. या उपायाला सिमेंटची गाडी लागत नाही.

मित्रहो, हे ज्ञान भूकंपानंतर सापडले असते तर दुःख थोडे हलके झाले असते. पण ते आधीच सापडलेले होते. रुरकी विद्यापीठात १९६० पासून सरकारी पैशावर भूकंप अभियांत्रिकीचे संशोधन चालू होते. तेथील प्राध्यापक आनंद स्वरूप आर्य यांच्या पुढाकाराने गरिबांच्या दगडमातीच्या घरांसाठी तयार झालेली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका १९८६ मध्येच प्रसिद्ध झाली होती. दगडी घरांविषयीचे भारतीय मानक १९९३ साली निघाले, म्हणजे ज्या वर्षी ही घरे पडली त्याच वर्षी. रुरकीचे ज्ञान किल्लारीच्या गवंड्यापर्यंत पोहोचले नाही. १९९२ मध्ये त्या भागाला हादरे बसले होते, लोक धास्तावले होते. तरीही देशाच्या भूकंप नकाशात तो परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. २००२ च्या सुधारित मानकात तो तिसऱ्या पट्ट्यात आला.

यातून मी दोन गोष्टी शिकलो. पहिली, गरिबाच्या घराचा प्रश्न हाही अभियांत्रिकीचा प्रश्न आहे आणि त्यावरचे संशोधन फार महागही नसते. दुसरी, संशोधन प्रबंधात छापून झाले म्हणजे संपले असे नाही. गवंड्याच्या हातात उतरेपर्यंत ते अर्धेच असते. आपला सरकारी निधी पहिल्या अर्ध्या कामाला मिळतो, तोही अपुरा. दुसऱ्या अर्ध्याला जवळजवळ मिळतच नाही.

आता थोडे आकडे पाहू. २०२०-२१ मध्ये भारताने संशोधन व विकासावर सुमारे १ लाख २७ हजार कोटी रुपये खर्च केले. रक्कम मोठी वाटते, पण राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात ती शंभर रुपयांत चौसष्ट पैसे होते. चीन दोन रुपयांहून अधिक खर्च करतो, दक्षिण कोरिया चार रुपयांहून अधिक. आपल्या एकूण खर्चात उच्च शिक्षण संस्थांचा वाटा सुमारे ९ टक्के आणि सर्व राज्य सरकारांचा मिळून सुमारे ७ टक्के. केंद्राच्या पैशाचा मोठा भाग संरक्षण, अवकाश, कृषी आणि अणुऊर्जा यांकडे जातो. उपग्रह नकोत असे मी म्हणणार नाही. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून धरणातला गाळ मोजता येतो, आणि आपल्या लिंबोटीच्या धरणालाही गाळाचा प्रश्न चुकणार नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. पिण्याचे पाणी, गावचे रस्ते, गटारे, घरे हे विषय राज्याचे आणि नगरपालिकेचे. म्हणजे ज्यांच्या अंगावर लोह्याचे प्रश्न आहेत, त्यांच्याच हातात संशोधनाचा पैसा सर्वांत कमी आहे.

याची किंमत आपण लातुरात पाहिली. मांजरा धरण आटले आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत १० वाघिणी होत्या आणि पाच लाख लिटर पाणी. ज्यांनी ती गाडी चालवली त्यांचे कौतुकच आहे. पण रेल्वेने पाणी आणणे हा संकटातला इलाज झाला. नळातून किती पाणी गळते, कोणत्या विहिरीला कोणत्या महिन्यात किती पाणी असते, काळ्या पाषाणाच्या कोणत्या थरात पाणी मुरते, हे अभ्यास संकटाच्या आधी करायचे असतात. आपला खडक असा की एका शेतात बोअरला पाणी लागते आणि बांधापलीकडे कोरडी धूळ निघते. राज्याची भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरी मोजते, पण गावोगावचे चित्र कळायला त्याहून कितीतरी अधिक मोजमाप हवे. अशा मोजमापाला निधी मागायला कोणी जात नाही, कारण त्याचे उद्घाटन करता येत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याच खात्यात होते. १९४३ मध्ये दामोदर नदीला महापूर आला. त्या काळात त्यांच्या खात्याने केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ (१९४४) आणि नद्यांच्या पाण्यासाठी केंद्रीय आयोग (१९४५) स्थापन केला. आजचा केंद्रीय जल आयोग तो हाच. आधी मोजणारी, अभ्यास करणारी कायम यंत्रणा, मग धरण, असा तो क्रम होता. आपण बाबासाहेबांना घटनाकार म्हणून वंदन करतो. त्यांच्या या कामाचा अभ्यास अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी अवश्य करावा.

एक विषय अवघड आहे, पण या व्यासपीठावर तो टाळता येणार नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे झाले. माणसे तरीही गुदमरून मरतात, आणि ती कोणत्या वस्तीतली असतात हे मी सांगायला नको. गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. पण माणसाऐवजी गटारात उतरणारे यंत्र केरळमधल्या काही तरुण अभियंत्यांनी तयार केले आणि २०१८ मध्ये ते तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागले. त्यांना केरळ स्टार्टअप मिशन आणि तिथल्या जल प्राधिकरणाचे पाठबळ मिळाले. एका छोट्या गावातल्या कॉलेजची ही मुले. ज्या देशाने चंद्रावर यान उतरवले, त्या देशाला गटाराचे यंत्र सुचायला इतकी वर्षे लागली, कारण गटारात उतरणाऱ्याचा मुलगा प्रयोगशाळेत नव्हता.

आता पुढचे पाहू. २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांची योजना आहे; त्यातला मोठा भाग उद्योगांकडून यावा अशी अपेक्षा आहे. २०२५ मध्ये केंद्राने एक लाख कोटींचा आणखी एक निधी मंजूर केला. तो मुख्यतः खासगी उद्योगांना अल्प व्याजाने किंवा बिनव्याजी दीर्घ मुदतीचे कर्ज देण्यासाठी आहे. या योजनांचे स्वागत आहे. पण कारखानदार त्याच संशोधनात पैसा घालेल ज्याला गिऱ्हाईक आहे. माळवदाच्या घरात राहणारा आणि गटारात उतरणारा माणूस गिऱ्हाईक नसतो. त्याच्या प्रश्नावर खर्च करील असा एकच धनी आहे, तो म्हणजे जनतेचा पैसा.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. प्रत्येक सरकारी पाणी, रस्ता व घरकुल योजनेतील शंभरातला एक रुपया त्याच जिल्ह्यातील मोजमाप आणि अभ्यासासाठी राखून ठेवावा. तो विष्णुपुरीच्या श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेसारख्या आणि आपल्या तंत्रनिकेतनांसारख्या जवळच्या संस्थांना मिळावा. दुसरी सूचना, प्रत्येक संशोधनाचे सार गवंडी, प्लंबर, सफाई कामगार यांना कळेल अशा मराठीत यावे आणि त्यांना प्रत्यक्ष शिकवण्याचा खर्च मूळ अनुदानातच धरावा. तिसरी, अधिछात्रवृत्ती वेळेवर मिळावी. ती सहा महिने थांबली तर सधन घरातल्या मुलाचे अडत नाही. मजुराच्या मुलाचे संशोधनच थांबते.

विद्यार्थी मित्रांनो, शासनाकडे मागत असताना तुम्ही स्वस्थ बसू नका. आपल्या गावातील दहा विहिरी निवडा. दर महिन्याच्या एकाच तारखेला टेपने पाण्याची पातळी मोजा आणि वहीत लिहा. बारा महिन्यांत त्या वहीला मोल येईल, कारण तसे मोजमाप तुमच्या गावाचे दुसऱ्या कोणाकडेही नसेल. उद्या प्रकल्प निवडताना दुसऱ्याच्या प्रकल्पाची नक्कल विकत आणू नका. ती वही घेऊन आपल्या प्राध्यापकांसमोर जा.

आपल्या आधीच्या पिढीने शाळेचे दार उघडून घेतले. प्रयोगशाळेत कोणता प्रश्न घ्यायचा, हे ठरवणाऱ्या टेबलाशी आता तुम्हाला बसायचे आहे. किल्लारीच्या भिंतीत तो आरपार दगड घालायला सांगणारा माणूस त्या पहाटेच्या आधी पोहोचला असता, तर हजारो माणसे वाचली असती. पुढच्या वेळी तो माणूस तुमच्यापैकी कोणी असावा, एवढीच इच्छा व्यक्त करतो आणि माझे भाषण संपवतो.

जय भीम. जय भारत.