उडीमागचा गुरू, गुरूमागचा गुरू

ब्रिटनच्या ब्रायनी पेजने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ट्रॅम्पोलिनचं सुवर्णपदक जिंकलं. उडणारी खेळाडू सगळ्यांना दिसते, प्रशिक्षक क्वचित दिसतो; आणि प्रशिक्षक घडवणारा ट्यूटर? तो तर पडद्याआडच. ब्रिटनमध्ये ट्यूटर व्हायचं तर आधी स्वतः प्रशिक्षक म्हणून मुरावं लागतं. नवख्या प्रशिक्षकाची नजर उडणाऱ्याच्या चेहऱ्यावर खिळते. ट्यूटर त्याला पाय बघायला लावतो. पाय जाळीवरच्या मधल्या फुलीपासून सरकायला लागले, की पुढची कोलांटी थांबवायची. उतरणाऱ्या खेळाडूच्या पायाखाली गादी नेमक्या कोणत्या क्षणी सरकवायची, हेही हातात गादी देऊनच शिकवावं लागतं. स्वतः गप्प राहून शिकणाऱ्या प्रशिक्षकाला चुकू देणं मात्र मला सगळ्यात अवघड वाटतं. अर्थात, वर कोणी उडत नसताना!