ग्राहकाची माहिती: विश्वासाने दिलेली ठेव

(शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे कोल्हापूर येथे दिलेल्या भाषणाचा पाठ)



कोल्हापुरात चपलांच्या दुकानाची पायरी ग्राहक चढला की दुकानदाराचे लक्ष प्रथम त्याच्या पायाकडे जाते. पायाचे माप, आवडीचा प्रकार, प्रसंगी उधारीची नोंद, हे सारे नेहमीच्या दुकानदाराला ठाऊक असते. ही माहिती ग्राहकाने स्वतः दिलेली असते. ती कोणापाशी आहे हे तो जाणतो. ती चार लोकांत सांगितली जाणार नाही, असा त्याचा भरवसा असतो. व्यापाराची इमारत या भरवशावर उभी आहे.

आज तीच चप्पल मोबाईलच्या पडद्यावर विकली जाते. गावातील कारागिरास दूरच्या शहरातील गिऱ्हाईक मिळू लागले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ग्राहकाने एकदा चपलांचा शोध घेतला की पुढे बातम्या वाचताना, चित्रफीत पाहताना चपलांच्याच जाहिराती त्याच्यासमोर येत राहतात. याचे कारण असे की, त्याने काय पाहिले याची नोंद ‘कुकी’सारख्या साधनांनी ठेवली जाते आणि त्या नोंदीच्या आधारे त्याच्या पडद्यावरील जागेचा लिलाव निमिषार्धात होतो. बोली लावणारे कोण, हे ग्राहकाला कळत नाही. येथे जुना भरवसा तुटतो.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन जाहीर झाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे त्यात येतात. जून २०२५ मध्ये मिलान येथे एका इटालियन कंपनीने अशाच घडणीच्या चपला मूळ स्थानाच्या उल्लेखाविना सादर केल्या. टीका झाल्यावर भारतीय कारागिरीचे ऋण तिला मान्य करावे लागले. त्याच वर्षी संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाने अस्सल जोडांसाठी क्यूआर संकेताची योजना पुढे आणली. तो संकेत मोबाईलने वाचला की कारागिराचे नाव, ठिकाण व कच्चा माल यांची माहिती ग्राहकास मिळते.

यातील बोध महत्त्वाचा आहे. कारागीर आपले नाव व गाव ग्राहकापुढे उघड करतो आणि त्यातून विश्वास मिळवतो. मग ग्राहकाची माहिती घेणाऱ्या विक्रेत्याने, ती कशासाठी घेतली व कोणास दिली, हे तितक्याच मोकळेपणाने का सांगू नये? चपलेच्या विक्रीस पत्ता, भ्रमणध्वनी क्रमांक व पायाचे माप पुरेसे असते. जन्मतारीख किंवा मोबाईलमधील साऱ्या संपर्कांची यादी मागण्याचे कारण नाही.

महाराष्ट्राला ग्राहक चळवळीची परंपरा आहे. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचा पाया घातला. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला व त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. ‘आता शेवटचे दोनच जोड शिल्लक’ अशी खोटी घाई लावणे, न मागितलेली वस्तू बिलात घुसवणे, अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांना नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला व नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. मुख्य तरतुदींच्या अंमलबजावणीसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवलेली आहे. संमती मुक्त व स्पष्ट असावी, ती देण्याइतकेच मागे घेणे सोपे असावे आणि त्याविषयीची सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतील भाषांत वाचता यावी, असे हा कायदा सांगतो. अठरा वर्षांखालील मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींनाही त्यात प्रतिबंध आहे.

तथापि, केवळ कायद्याने विश्वास निर्माण होत नाही. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना ‘संमती’चे बटण दाबण्यापूर्वी वाचावयास शिकवावे. पंचायत सदस्यांनी लाभार्थ्यांचे आधार व बँक खाते क्रमांक गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नयेत. जे शासन व्यापाऱ्याकडून संयमाची अपेक्षा करते, त्याच्या कचेरीतही तोच संयम दिसला पाहिजे. बचत गटांनी विक्री सुरू करताना आवश्यक तेवढीच माहिती घ्यावी व काम संपताच ती पुसून टाकावी. फसवणूक झालेल्या ग्राहकाने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ क्रमांकावर, आणि ऑनलाईन पैसे गेल्यास विनाविलंब १९३० क्रमांकावर कळवावे.

ग्राहकाने दिलेली माहिती ही विक्रेत्याची मालमत्ता नव्हे. ती विश्वासाने सोपवलेली ठेव आहे. ठेव जपणाऱ्याच्या दारी ग्राहक पुन्हा येतो. कोल्हापूरच्या कारागिराने हातांच्या कसबाने जो लौकिक मिळवला, तो या नव्या बाजारपेठेत टिकवावयाचा असेल, तर ही ठेव जपणे हाच खात्रीचा मार्ग होय.