गाळाखालची जमीन



पुण्याजवळ हिंजवडीत इमारतीच्या पायासाठी खड्डा खणतात. आधी माती लागते, मग मुरूम, मग काळा पाषाण.

नदीकाठी मात्र गोष्ट वेगळी. तिथं गाळाखाली जुनी जमीन दडलेली असते. आदिमानव वावरला, तो त्या जमिनीवर.

पुणे जिल्ह्यातलंच बोरी घ्या. जुन्नर तालुका, कुकडी नदीचा काठ. इथल्या दरडीत पांढुरक्या राखेचा थर आहे.

ही राख ज्वालामुखीची. आली कुठून? थेट सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून! सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात काचेचे बारीक कण दिसतात.

याच दरडीतल्या गाळात दगडी हत्यारं मिळाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी ती अभ्यासली. राखेचं वय ठरलं, की हत्यारांच्या वयाचा अंदाज येतो. पण राखेच्या वयावर वाद आहे. कुणी म्हणतं पाऊण लाख वर्षं, कुणी म्हणतं कितीतरी जास्त.

नेवाशाजवळ चिरकी इथंही अशी हत्यारं सापडली. १९६६ ते १९६९ या काळात पुरातत्त्वज्ञ गुद्रुन कोर्व्हिनस यांनी तिथं उत्खनन केलं. गाळाखाली हातकुऱ्हाडी निघाल्या. दोन्ही बाजूंनी टवके काढलेल्या, एका टोकाला निमुळत्या.

हत्यारं अशी गाळाखाली असतात, म्हणून संशोधक आधी जुन्या जमिनीचा नकाशा करतात. नदी पूर्वी कुठून वाहायची? गाळ कुठं साचला? दरडी, विहिरी आणि उपग्रहाची चित्रं हे सांगतात. आधी जुनी जमीन, मग हत्यारं.

श्रोतेहो, नदीकाठच्या खोदकामात असा घडवलेला दगड दिसला, तर तो हलवू नका. जागेचा फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.