पाणबुड्याचे निवेदन



ज्या शाळेच्या ओट्यावर बसून मी बाराखडी गिरवली, त्याच शाळेत, ज्यांनी ती गिरवून घेतली त्या गुरुजींच्या स्मरणार्थ बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे. शाळा हिंदी माध्यमाची असूनही मला मराठीतून बोलण्याची मुभा मिळाली, हेही गुरुजींच्या परंपरेला धरूनच झाले. होळकरशाहीत नेमावर आणि आसपासच्या गावांत नोकरीनिमित्त आलेली काही मराठी कुटुंबे संस्थान विलीन झाल्यावरही इथेच राहिली. त्या घरांतील आम्हा चार-पाच मुलांना गुरुजी दर शनिवारी स्वतःच्या घरी बोलावून मराठी लिहायला शिकवीत. पुढे मी मराठीचा प्राध्यापक झालो, त्याचे मूळ त्या शनिवारांत आहे.

आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने एका जुन्या अमेरिकन दूरदर्शन मालिकेविषयी का बोलावे? थोडा धीर धरावा, अशी विनंती आहे. त्या मालिकेच्या वाटेने मला आपल्या घाटावरच यायचे आहे.

पंधराएक वर्षांपूर्वी मी मुलाकडे अमेरिकेत गेलो होतो. दुपारच्या वेळी घरात एकटा असे. जुने कार्यक्रम दाखवणाऱ्या एका वाहिनीवर ‘सी हंट’ नावाची कृष्णधवल मालिका मला सापडली. ती तिकडे १९५८ ते १९६१ या काळात प्रथम दाखवली गेली. अर्ध्या तासाचा एक, असे तिचे १५५ भाग झाले. निर्माते आयव्हन टॉर्स. नायक माइक नेल्सन हा नौदलातून बाहेर पडलेला पाणबुड्या. ती भूमिका लॉइड ब्रिजेस यांनी केली. मोठ्या दूरचित्रवाणी कंपन्यांनी मालिका नाकारली, म्हणून निर्मात्यांनी ती शहराशहरांतील केंद्रांना स्वतंत्रपणे विकली, आणि ती अफाट लोकप्रिय झाली. ती पाहून पाण्याखाली उतरायला शिकलेल्यांची एक पिढीच तिकडे आहे.

कथानके साधीच असत. कुठे बुडालेले विमान, कुठे अडकलेला माणूस, कुठे खलनायकाने कापलेली हवेची नळी. साहित्याच्या अभ्यासकाने डोक्यावर घ्यावे असे त्यांत फारसे नव्हते. परंतु दोन गोष्टींनी मला खुर्चीला खिळवून ठेवले.

पहिली गोष्ट निवेदनाची. पाण्याखाली माणसाला बोलता येत नाही. तोंडात नळी, भोवती पाणी, संवाद अशक्य. मग कथा पुढे न्यावी कशी? मालिकाकारांनी उपाय योजला तो असा, की पडद्यावर नेल्सन मुकाट्याने तळाशी काम करतो आणि त्याचाच आवाज पडद्यामागून आपल्याला सांगतो: आता मी काय पाहिले, कशाची शंका आली, हवा किती उरली. प्रथमपुरुषी निवेदनावर मी वर्गात कितीतरी तास व्याख्याने दिली होती. पण ते एखाद्या मुक्या माणसाची अक्षरशः गरज असू शकते, हे मला तेव्हा उमगले. इतकेच नव्हे, तर पुष्कळदा भागाच्या शेवटी ब्रिजेस स्वतःच्या नावाने प्रेक्षकांशी बोलत आणि समुद्र समजून घ्या, त्याला जपा, असे सांगत.

दुसरी गोष्ट पेशाची. नेल्सन हा पैसे घेऊन काम करणारा माणूस. विमा कंपनी, सरकार, संशोधक, जो बोलावील त्याच्याकडे तो जातो. त्याच्या मोबदल्याविषयी कुणी नाक मुरडत नाही. ज्याला विद्या येते त्याने तिचे दाम घ्यावे, हे तिथे गृहीतच आहे.

हे पाहताना माझ्या डोळ्यांसमोर एकसारखा एक माणूस येत राहिला. त्याच्याकडे नळी नव्हती, चष्मा नव्हता, आणि त्याच्या वतीने बोलणारा आवाजही नव्हता. तो नेमावरच्या घाटावरचा गोताखोर होता.

आपल्या गावाचे भाग्य मोठे. उत्तर तीरावर आपला सिद्धनाथ, पलीकडे हंडियाला ऋद्धनाथ, आणि मध्ये प्रवाहात नाभिकुंड. नर्मदेची नाभी म्हणून ज्या जागेला लोक हात जोडतात, ती आपल्या अंगणात आहे. मराठी माणसाचे या नदीवर प्रेमही जुने. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आणि जगन्नाथ कुंटे यांचे ‘नर्मदे हर हर’ ही पुस्तके आपल्यापैकी अनेकांनी वाचली असतील. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परिक्रमावासी नदीला उजव्या हाताला ठेवून चालतो आणि मध्ये कुठेही ती ओलांडत नाही, असा नियमच आहे. म्हणजे आपल्या परिक्रमा-वाङ्मयाने ही नदी काठावरून पाहिली. काठावरून जेवढे दिसते तेवढे फार सुंदर पाहिले, यात शंका नाही. तळ मात्र दुसऱ्याच कुणाच्या तरी ओळखीचा होता, आणि त्याने पुस्तक लिहिले नाही.

गंमत अशी, की आपली भाषा पाण्याच्या खोलीवर पोसली आहे. आपण मनाचा ठाव घेतो, विषयाच्या खोलात शिरतो, एखाद्याच्या स्वभावाचा थांग लागत नाही म्हणतो. हे सारे शब्द मुळात पाणी जोखणाऱ्यांचे. त्यांचे शब्द आपण घेतले, आणि शब्द देणाऱ्यांना विसरलो.

आता जे सांगणार आहे ते मी जाहीरपणे पूर्वी कधी सांगितलेले नाही.

१९६१ सालचा आश्विन असावा. पूर ओसरला होता, पण पाणी अजून गढूळ होते. मी अकरा वर्षांचा. यात्रेकरूंनी टाकलेली नाणी बुडी मारून काढण्याचा खेळ आम्ही मुले खेळत असू. त्यात एक चढाओढ होती: अधिक वेळ खाली कोण राहतो? त्यासाठी सूर मारण्यापूर्वी दहा-बारा मोठे श्वास भराभरा घ्यायचे, ही युक्ती कुणीतरी शोधून काढली होती. त्या दुपारी माझा एक वर्गमित्र तसे श्वास घेऊन खाली गेला. मी काठावर उभा राहून आकडे मोजत होतो. शंभर झाले, सव्वाशे झाले. मी मोजतच राहिलो, कारण तो जिंकतो आहे असे मला वाटत होते.

गोताखोराला हाक गेली. होडी सोडून तो धावत आला. कुठे उडी मारली, एवढेच त्याने मला विचारले. चार वेळा तो रिकाम्या हाताने वर आला. पाचव्या वेळी माझ्या मित्राला घेऊन आला. तोवर सारे संपले होते.

मुलाच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी त्याला पाच रुपये दिले आणि त्याने ते घेतले. गावात कुजबुज सुरू झाली: मेलेल्या पोराचे पैसे घेतले! आम्ही मुलेही घरी ऐकलेले ते वाक्य शाळेत आणून एकमेकांना सांगू लागलो. गुरुजींच्या कानावर ते गेले. त्यांनी फळ्यावरचा धडा पुसला आणि विचारले, “वैद्य पैसे घेतो की नाही? भटजी दक्षिणा घेतात की नाही? मी पगार घेतो की नाही? मग त्याचीच विद्या फुकट का?” वर्गात कुणी बोलले नाही.

त्यानंतर गुरुजींनी जे केले ते त्या काळी इतर कुणी केले असते असे मला वाटत नाही. त्यांनी त्या गोताखोराला वर्गात बोलावले, आपल्या खुर्चीवर बसवले, आणि स्वतः आमच्यात सतरंजीवर बसले. तो संकोचून खुर्चीच्या कडेवर टेकला होता. तळाशी माणूस कसा शोधतात, ते त्याने हळूहळू सांगितले. गढूळ पाण्याविषयी तो म्हणाला, “नीचे आँख नी देखे, हाथ देखे.” प्रवाह कुठे वळतो, गाळ कुठे साचतो, हे त्याने हाताने हवेत काढून दाखवले. आणि शेवटी आम्हा मुलांकडे पाहून म्हणाला, “नीचे अच्छो लगे, तो ऊपर आ जाणो.”

शनिवारी गुरुजींनी आम्हाला ते सारे मराठीत लिहायला सांगितले. मी वर्गातला हुशार मुलगा. चांगले मराठी म्हणजे भारदस्त मराठी, अशी माझी समजूत होती. हात पाहतात, या त्याच्या वाक्याचे मी केले: ‘जलाच्या तळाशी नेत्रांचा उपयोग होत नसल्याने हस्तस्पर्शाने शोध घ्यावा लागतो.’ आणि त्याचे शेवटचे वाक्य तर मला चुकीचेच वाटले. खाली बरे वाटले तर वर का यायचे? अडाणी माणूस, उलटे बोलला असेल, असे समजून मी ते सुधारले: ‘जीव गुदमरू लागताच त्वरित वर यावे.’

वही परत आली. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. परंतु त्या शेवटच्या वाक्यापाशी गुरुजींनी तांबड्या शाईने लिहिले होते: ‘हे कोण बोलत आहे?’

मी तेव्हा चिडलो. प्रश्नाचा अर्थ मला कळला नाही. तो कळायला पन्नासएक वर्षे लागली.

मालिका पाहून कुतूहल वाढले, म्हणून मी मुलाच्या गावच्या ग्रंथालयातून पाणबुड्यांच्या शिक्षणाची पुस्तके आणून वाचली. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी सिद्ध केलेल्या उपकरणाने पाणबुड्याला पाठीवरच्या नळकांड्यातून, भोवतीच्या दाबाइतक्या दाबाने हवा मिळू लागली. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. म्हणून नळकांडे घेऊन उतरणाऱ्याने वर येताना श्वास कधीही रोखून धरायचा नाही; फुप्फुसातली हवा फुगते आणि ती फाटू शकतात. घाटावरच्या गोताखोराचे गणित याच्या अगदी उलट, कारण रोखलेला श्वास हेच त्याचे एकमेव भांडवल.

आणि मग ते पान आले. श्वास घ्यावा असे आपल्याला वाटते ते मुख्यतः प्राणवायू कमी झाल्यामुळे नव्हे; रक्तात कर्बवायू साचल्यामुळे वाटते. पाण्यात शिरण्यापूर्वी भराभरा मोठे श्वास घेतले, तर कर्बवायू निघून जातो, पण प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही. मग खाली गुदमरण्याची सूचनाच वेळेवर मिळत नाही. उलट प्राणवायू घटता घटता कधी कधी एक सुखद गुंगी येते, आणि माणूस शुद्ध हरपतो. गुदमरला की वर यावे, हे माझे वाक्य तर्काला धरून होते, आणि नेमके तेच घातक होते. खाली बरे वाटू लागले तर वर या, हे त्याचे वाक्य अक्षरशः खरे होते.

माझ्या मित्राचे त्या दुपारी हेच झाले, असे मी आज सिद्ध करू शकत नाही. परंतु तो इशारा देण्यासाठीच त्या माणसाने ते वाक्य आम्हाला सांगितले होते, याविषयी माझ्या मनात आता शंका नाही. ज्या मुलाने सव्वाशेपर्यंत आकडे मोजले होते, त्यानेच ते वाक्य खोडले. पुढे पस्तीस वर्षे मी विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासल्या. त्यांतही अशी किती खरी वाक्ये मी शुद्ध करून मारली असतील, या विचाराने कधी कधी झोप लागत नाही.

मित्रहो, मौखिक ज्ञान सारेच खरे असते, असा भाबडा सिद्धांत मला मांडायचा नाही. घाटावर चुकीच्या समजुतीही पुष्कळ होत्या. मुद्दा एवढाच, की तपासण्यापूर्वी ते जसेच्या तसे टिपले पाहिजे. आपल्या देशातही याची जाण असलेली माणसे झाली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली १९८० च्या दशकात द्वारकेच्या समुद्रात शोध घेतला. त्या कामासाठी पुरातत्त्वज्ञच बुडी मारायला शिकले. तळावरचा दगड ज्याच्या हाताला लागतो आणि त्याचा अर्थ ज्याला लावायचा आहे, त्या दोघांत अंतर उरू नये, हाच त्यामागचा विचार.

आज परिस्थिती बदलली आहे. आपत्ती निवारणाची दले आहेत, नळकांडी आहेत, होड्यांना यंत्रे आहेत. खाली पुनासाला इंदिरा सागर धरण २००५ मध्ये पुरे झाले. पण अमावास्येला इथे स्नानासाठी लोटणारी गर्दी तशीच आहे, आणि कुणाचा पाय घसरला तर पहिली हाक अजूनही घाटावरच्या माणसालाच जाते.

म्हणून गुरुजींच्या या स्मृतिदिनी माझी एक लहानशी सूचना आहे. स्मारकाला नवी फरशी बसवण्याऐवजी शाळेने एक वही करावी. दर वर्षी वरच्या वर्गातील मुलांनी घाटावर जाऊन गोताखोरांचे, नावाड्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. सांगणाऱ्याचे नाव, त्याच्या अनुमतीने, वर लिहावे. त्याचा वेळ मोडतो, म्हणून त्याला मानधन द्यावे. त्यासाठी माझ्याकडून पहिली रक्कम मी आजच मुख्याध्यापकांकडे दिली आहे. शब्द समजला नाही तर तो बदलू नये, त्याच्याखाली रेघ मारावी. आणि पाण्यात शिरण्यापूर्वी भराभरा श्वास घ्यायचे नाहीत, हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहावे.

ती जुनी वही मी सोबत आणली आहे. ती शाळेच्या स्वाधीन करतो. माझे वाक्य आणि गुरुजींची तांबडी शाई, दोन्ही तीत आहेत. त्याखाली काल रात्री मी गोताखोराचे मूळ वाक्य, जसे ऐकले होते तसे, लिहिले आहे. आज गुरुजींनी वही तपासली असती, तर निदान या एका ओळीपाशी त्यांना तो प्रश्न विचारावा लागला नसता.

नर्मदे हर.