गिअरबॉक्समधले तेल



आपल्या गावात नाहीतर शेजारच्या गावात एखादी जुनी फियाट किंवा जुनी जीप अजून असेलच. वर्षभर ती ताडपत्रीखाली उभी असते, लग्नसराईत तिला धुऊनपुसून बाहेर काढतात, आणि घरातले म्हातारे माणूस सोडले तर तिच्या खोडी कुणाला ठाऊक नसतात. अशा गाडीच्या गिअरबॉक्समध्ये कुठले तेल घालावे, याबद्दल आज बोलायचे आहे. विषय क्षुल्लक वाटेल. मलाही वाटला होता, आणि त्या वाटण्याची किंमत मी चांगलीच मोजली आहे.

नवी मुंबईत वाशीला आमच्या घरी वडिलांची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. स्टिअरिंगच्या दांड्याला गिअरचा दांडा असलेली. ही गाडी खाडीपलीकडे कुर्ल्याला तयार होत असे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, १९५४ पासून तिने फियाट अकराशे ही इटालियन गाडी इथे आणली, आणि १९७४ मध्ये त्याच गाडीला पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिला सारा देश ओळखतो. वीस वर्षांच्या मर्यादेमुळे शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. घरगुती गाड्या मात्र अजून आहेत, आणि त्या राखायच्या तर आता राखणाऱ्यालाच सगळे पाहावे लागते, कारण नवे सुटे भाग कारखान्यातून यायचे दिवस गेले.

तर झाले असे, की तेल बदलायचे म्हणून मी दुकानात गेलो. समोर दोन डबे ठेवले गेले. दोन्हींवर मोठ्या अक्षरांत ‘ई. पी. ९०’. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत एकावर ‘जी. एल. ४’, दुसऱ्यावर ‘जी. एल. ५’. मी म्हटले, चारापेक्षा पाच बरे. चार पैसे जास्त गेले तरी गाडीला चांगले तेच द्यावे. दुकानदारानेही मान डोलावली. आठ दिवसांत पनवेलच्या वाटेवर तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना गाडी ‘कर्रर्र’ करून ओरडली. मिस्त्री म्हणाला, क्लच. क्लच नीट केला. तरी आवाज राहिलाच. दीड वर्षाने गिअरबॉक्स उघडला, तेव्हा आतल्या पितळी कड्या काळवंडलेल्या आणि दात बोथट झालेले. खरे सांगायचे, तर कड्या आधीच चाळीस-पंचेचाळीस वर्षे झिजलेल्या होत्या; सारा दोष तेलावर टाकता येणार नाही. पण उरलेले आयुष्य मी माझ्या हाताने कमी केले, यात शंका नाही.

या पितळी कड्या काय करतात? चालती एस. टी. धरायची सवय असलेल्यांना हे लगेच कळेल. गाडी हलली असेल तर आपण आधी तिच्या बरोबरीने धावतो, वेग जुळला की मगच दांडी धरतो. उभ्यानेच हात घातला तर खांदा निखळेल. गिअरबॉक्समध्येही दोन चक्रे वेगवेगळ्या वेगाने फिरत असतात. ती एकमेकांत अडकण्यापूर्वी पितळेची कडी एका चक्राच्या निमुळत्या पोलादी भागावर दाबली जाते आणि घर्षणाने दोघांचा वेग सारखा करते. तिला सिंक्रो रिंग म्हणतात. पद्मिनीच्या पहिल्या गिअरला ती नाही, म्हणून पहिला गिअर गाडी थांबल्यावरच टाकायचा. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्याला आहे. जुन्या जीपच्या तीन गिअरांच्या डब्यातही दुसऱ्या-तिसऱ्यालाच ती असते.

म्हणजे पाहा, इथे तेलाकडून दोन उलट कामे हवी आहेत. दातांवर ते निसरडे असावे आणि कडीवर मात्र फार निसरडे नसावे. कडी घसरत राहिली तर वेग जुळणार कसा?

आता जी. एल. ५ एवढे निसरडे आणि एवढे जालीम कशासाठी करतात? त्याचे घर दुसरे आहे. मागल्या आसावर जो डिफरन्शियल असतो, त्यातला लहान दंतगोल मोठ्या चक्राच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या पॅकार्ड मोटारींत ही हायपॉइड रचना आली. तिच्यामुळे मधला लांब दांडा खाली गेला आणि मोटारीची बैठक बुटकी करता आली. पण या रचनेत दात नुसते एकमेकांवर लोळत नाहीत, दाबाखाली लांबवर घासत जातात. तेलाचा पापुद्रा तिथे फाटतो. म्हणून तेलात गंधक आणि फॉस्फरस यांची रसायने घालतात. दात तापले की ती पोलादाशी संयोग पावून पातळ थर बनवतात. पोलादाऐवजी तो थर झिजतो. जी. एल. ५ मध्ये ही रसायने जी. एल. ४ च्या साधारण दुप्पट असतात. डब्याचे झाकण उघडल्यावर जो उग्र वास नाकात जातो, तो याच गंधकाचा.

शिक्षक मित्रांनी हे वर्गात जरूर सांगावे: चांदीचे पैंजण काळे पडते ते गंधकाने, आणि तांब्यालाही गंधकाचे तसेच वावडे आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. गरम तेलातले चपळ गंधक पितळेवरही थर धरते आणि तो थर निघताना थोडे पितळ बरोबर नेतो. घरचा तांब्या चिंचेने रोज घासला तर तोही कालांतराने पातळ होतो, तसेच. तेल कंपन्या तांब्याची चकचकीत पट्टी तापलेल्या तेलात काही तास बुडवून तिचा रंग पाहतात, ती परीक्षा याचसाठी. अलीकडची काही जी. एल. ५ तेले पितळेला पूर्वीइतकी जाचत नाहीत, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. पण निसरडेपणाचा प्रश्न उरतोच.

गंमत अशी, की तेलात घालायची अशी रसायने करणारा एक मोठा कारखाना आमच्याच तुर्भ्याला आहे. ल्युब्रिझॉल इंडिया ही कंपनी सरकारी भागीदारीत १९६६ साली निघाली. सिडको स्थापन होऊन नवी मुंबईची आखणी सुरू झाली ती १९७० नंतर. त्या कारखान्याच्या पलीकडच्या रस्त्यावरून मी कितीदा गेलो असेन, आणि डब्याची मागची बाजू वाचायला शिकलो ते गाडी मोडल्यावर!

दुसरा घोटाळा आकड्यांचा. ‘इंजिनात चाळीस नंबर आणि गिअरमध्ये नव्वद, म्हणजे दुपटीहून दाट,’ असे पुष्कळजण समजतात. तसे नाही. दोन्हींची मापे निरनिराळी आहेत, पायली आणि लिटर यांसारखी. पाणी उकळते त्या उष्णतेला नव्वदचे गिअरतेल इंजिनाच्या चाळीस-पन्नास नंबरच्या तेलाइतकेच दाट असते. ८०डब्ल्यू-९० म्हणजे थंडीत थोडे पातळ राहणारे नव्वदच. कोकणात दोन्हींत फारसा फरक जाणवणार नाही. नाशिककडे किंवा महाबळेश्वरला पौषातल्या सकाळी दांडा जड चालत असेल, तर ८०डब्ल्यू-९० घ्यावे. एम. जी. सारख्या काही जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये तर इंजिनाचेच तेल घालायला सांगितलेले असते. म्हणून गाडीची पुस्तिका आधी पाहायची, शेजाऱ्याचा सल्ला मग. ट्रॅक्टरचे तेल हा निराळाच विषय आहे. ज्यांचे ब्रेक तेलात बुडलेले असतात त्यांना यातले काहीच चालणार नाही.

पद्मिनी आणि जुनी जीप यांच्यापुरते सांगायचे, तर गिअरबॉक्सला जी. एल. ४ आणि मागच्या हायपॉइड डिफरन्शियलला जी. एल. ५. दोन डबे, दोन जागा. एकाच डब्यावर ‘जी. एल. ४ आणि ५’ असे दोन्ही छापले असेल, तर त्यात पाचाचा जालीमपणा आहे असे समजावे. पितळी भागांस निर्धोक असे स्पष्ट लिहिले असेल तरच गिअरबॉक्समध्ये घालावे.

बदलताना गाडी सपाट जागी घ्यावी आणि थोडी चालवून तेल कोमट करावे. आणि आधी वरचा, भरायचा बूच सैल करून पाहावा, मग खालचा. हे विसरू नका हो! खालून तेल सोडून दिले आणि वरचा बूच गंजून बसला असला, तर गाडी जागची हलत नाही. नवे तेल भरायच्या भोकाच्या काठाशी येईतो भरावे, त्याहून जास्त नको.

निघालेले तेल फेकण्यापूर्वी पाहावे. ताकासारखे पांढुरके असेल तर आत पाणी गेले आहे. तापलेली जीप ओढ्याच्या थंड पाण्यात घातली की गिअरबॉक्समधली हवा आकसते आणि हवेच्या भोकातून पाणी ओढले जाते. २६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबई-ठाण्यातल्या किती गाड्या बुडाल्या! अशा वेळी तेल तत्काळ बदलावे, ‘पुढच्या महिन्यात पाहू’ नको. तेलात काळपट बारीक कीस असेल तर ते पोलाद, लोहचुंबकाला चिकटेल. सोनेरी चमक असेल आणि चुंबकाला चिकटत नसेल, तर ते पितळ. आणि हे तेल नाल्यात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नये. डब्यात भरून जुने तेल घेणाऱ्याकडे द्यावे.

माझ्या पद्मिनीच्या कड्या शेवटी कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात, चार खेपा घातल्यावर मिळाल्या. आता गाडी दुसऱ्या गिअरात निमूटपणे येते. त्या वेळी निघालेले तेल मात्र मी काचेच्या बरणीत ठेवले आहे. बरणी उन्हात धरून हलवली की तळाशी सोनेरी चुरा उठतो. कुणी जुनी गाडी घेऊन घरी आले, की चहाच्या आधी मी ती बरणी त्यांच्या हातात देतो.